अंगठ्याच्या बदल्यात आलेल्या चिठ्ठ्या

आई, तुझ्या पत्र्याच्या पेटीतल्या सहा जपानी चिठ्ठ्या मी परवा तुझ्या नातीला दाखवल्या. ती पुण्यात जपानी शिकते. तू असतीस तर आधी तिचीच उलटतपासणी घेतली असतीस, हे शिकवतंय कोण आणि त्यात त्यांचा फायदा काय. मीही तेच विचारलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आपल्या घरात तर तू पाणीसुद्धा फुंकून प्यायला शिकवलंस.

टॉवेलच्या कारखान्यात तू कडा शिवायचीस. मी सातवीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिथं यायचे आणि संध्याकाळी दोघी घरी जायला कुंभारीची बस धरायचो. अशाच एका शनिवारी माल घेणारा जपानी म्हातारा आला. प्रत्येक बाईपुढं वाकून नमस्कार करत होता. बायका पदराआड हसत होत्या, तू नाही. "येवढं वाकतंय त्ये कशापायी?" तू माझ्या कानात म्हणालीस. त्यानं तुझी शिवण निरखली आणि या लांबट चिठ्ठ्या तुझ्या हातात ठेवल्या. लाकडी ठशांनी छापलेल्या. बर्फाचा डोंगर, पुलावरून निघालेले वाटसरू, काडीला टोचलेले भाताचे गोळे, निखाऱ्यावर भाजलेली वाम. "ह्यो तर साप हाय की," म्हणून तू ती बाजूला सारलीस. साप नव्हे, उजनी धरणात सापडते तसली वाम मासळी आहे, हे मी सांगितलं तेव्हा ती परत घेतलीस. मग त्यानं एक कोरी चिठ्ठी पुढं केली आणि नाव लिहायची खूण केली. तुला लिहिता येत नव्हतं. "मला कुणाचाबी इस्वास न्हाय. तू बघ, काय लिवलंय का त्येच्यावर?" मी दोन्ही बाजू पाहिल्या. कोरी होती. तू अंगठा उठवलास.

आठ दिवसांनी फाटकावरच सुपरवायझरनं तुला अडवलं. "तुमी सोताच्या खुशीनं काम सोडलंय. अंगठा हाय की तुमचा." जादा तासांवरून त्याच्याशी तू भांडली होतीस, ते तो विसरला नव्हता. पण तुझा संशय गेला म्हाताऱ्यावर. लेबर ऑफिसात तू या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्यास. "ह्ये बगा सायेब, ह्येच्या बदल्यात अंगठा नेला माजा." साहेबांनी वाम उचलून शेजारच्याला दाखवली. दोघं हसले. मी तुझा पदर धरून उभी होते. पुरावा म्हणून तू त्या चिठ्ठ्या मरेपर्यंत जपल्यास.

नात म्हणते, "मम्मी, तिकडं लोक आपल्या नावाची चिठ्ठी देवळाच्या दारावर चिकटवतात. ती टिकते तोवर माणूस तिथं हात जोडून उभाच आहे, असं मानतात. हौशी लोक त्यावर प्रवासातली ठिकाणं, गावोगावचं खाणं छापून घेतात. एकमेकांना देतात. पण नुसती घ्यायची नसते, आपलीही द्यायची." मी म्हटलं, कशावरून? तिनं सहाही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यातलं एकच नाव दाखवलं. म्हाताऱ्याचं. म्हणजे त्यानं आपलं नाव दिलं आणि तुझं मागितलं, एवढंच. कुठल्याशा देवळाच्या दारावर तुझा अंगठा असेलही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कारण म्हातारा पुढं गेल्यावर सुपरवायझर एक कागद घेऊन आला होता. टाईप केलेला, मराठीत. तुझ्या बोटाची शाई अजून ओली होती. तू कागद माझ्यापुढं धरलास आणि म्हणालीस, "वाच." चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या, मी वाटसरू मोजत होते. हजेरीचा आहे, असं मी सांगितलं आणि तू त्यावरही अंगठा उठवलास. एक ओळही वाचली नव्हती.

हे पत्र तुला वाचून दाखवायलाही मीच लागणार, म्हणून ते पेटीतच ठेवते. लेबर ऑफिसात ते हसले तेव्हा मला सगळं कळलं होतं, आई. माराची भीती नव्हती. यापुढं तू मला काही वाचायला देणार नाहीस, म्हणून मी गप्प राहिले.