चेंडू माझ्या खिशात आहे

मुलुंड, सोमवार, ता. २६ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप श्यामकांतदादांच्या चरणी धाकट्या बाळचा दंडवत.

तुमच्या गुडघ्याला थंडी कशी मानवते आहे? वहिनींचा खोकला गेला असेल. इकडे सर्व क्षेम. फक्त तुळशीची लग्नं आटोपली तरी आमच्या मृणालिनीच्या लग्नाची तारीख ठरत नाही, आणि त्याचं कारण (हसू नका) माझ्या कोटाच्या खिशात आहे.

व्याही सहदेवराव म्हणाले, "रविवारी गोल्फ खेळायला या, डाव संपला की तिथंच तारीख ठरवू." घाटकोपरच्या टेकडीखाली साहेबाच्या वेळचं जुनं मैदान आहे; आता तिकीट काढलं की आपल्यासारख्यालाही आत सोडतात. दादा, काय ती हिरवळ! पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मी पोरांना कवितेतली जी कुरणं शिकवली, ती कुणीतरी खरीच आणून अंथरली होती. (मी चपला काढून चालू लागलो. रखवालदारानं परत घालायला लावल्या.)

खेळ सोपा आहे. काठीनं चेंडू मारायचा आणि दूर झेंड्यापाशी गोट्यांच्या खेळात जमिनीत खणतात तशी गल असते तिच्यात घालायचा. कमी फटक्यांत घालील तो जिंकला. आता मुलीच्या बापानं व्याह्यांना हरवायचं का? म्हणून मी झेंडा सोडून टेकडीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि काठी फिरवली. चेंडू खडकावर आपटला, माघारी वळला, उतारावरून घरंगळत निघाला आणि संध्याकाळी गोठ्यात शिरणाऱ्या वासरासारखा गुमान गलीत शिरला. एका फटक्यात. (सहदेवरावांना हे वीस वर्षांत साधलेलं नाही, असं तेच वाटेत सांगत होते.) ते बुटाची नाडी बांधत होते म्हणून वाचलो. लगबगीनं पुढे जाऊन मी चेंडू खिशात टाकला आणि म्हणालो, "हरवला वाटतं."

"पाहुण्यांचा चेंडू हरवून मी घरी जाऊ होय?" म्हणत ते गुडघ्यांवर गवतात शिरले. मीही शिरलो, करतो काय? नुसतं शोधायचं नाटक जमेना, म्हणून शाळेतल्या कविता चालीवर म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्याला अडलो, तर पुढची ओळ करवंदीच्या जाळीतून आली. व्याहीच म्हणत होते, आणि माझ्याहून सुरात. मग कसला चेंडू नि कसली तारीख. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं म्हातारे ओणवे होऊन पहिलीचं पुस्तक म्हणत होतो, आणि मृणालिनी नि आमचे होणारे जावई मधुकर झाडाखाली चिवड्याचा डबा संपवत होते.

असे तीन रविवार गेले. डाव अपुरा, म्हणून तारीख नाही. खरं सांगावं तर व्याह्यांना हरवलं हेही कबूल करावं लागेल आणि खोटं बोललो हेही. त्यात लग्न मोडलं तर पोरीला काय तोंड दाखवू?

तुमचा,
बाळ

ता. क. येत्या रविवारी याल का? चेंडू हळूच तुमच्या हाती देईन, तुम्ही तो जाळीत सापडल्यासारखं करा. (गलीपासून लांब.)

आणखी ता. क. पाकिटावर पत्ता घालताना मृणालिनीनं पत्र वाचलं. म्हणते, "अप्पा, मी पहिल्याच दिवशी पाहिलं, मधुकरांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या बाबांना. बाबा म्हणाले, कुणी बोलू नका, नाहीतर मास्तर कविता थांबवतील. तारीख त्यांनी केव्हाच काढून ठेवलीय, माघातली."

तेव्हा चेंडूसाठी येऊ नका. मात्र तुमच्या माळ्यावर माझं पाचवीचं कवितांचं पुस्तक असेल, ते रजिस्टर टपालानं धाडा. रविवारी आमची चौथी संपते आहे, आणि मला अजून काहीच कळलेलं नाही.