आईला धबधबा दाखवला

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो बुवा एकदाचे! आई वाटभर कुरकुरत होती, की चाळिशी गाठलेल्या मुलाने नोकरी धरली ती थेट जंगलात. खोली बघितल्यावर मात्र गप्प झाली. दोन खिडक्या, मागे न्हाणी, समोर रान. दरीतून धबधब्याची घरघर सारखी ऐकू येते. आई म्हणाली, हे तर तुझे बाबाच घोरताहेत.

काम माझ्या आवडीचं आहे. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांना पाठीवरच्या खुर्चीत बसवून धबधब्याच्या पायथ्याशी न्यायचं आणि वर आणायचं. वीस वर्षं फर्निचरच्या दुकानात लोखंडी कपाटं वाहिली. माणूस म्हणजे किस झाड की पत्ती!

७ नोव्हेंबर, गुरुवार

खुर्चीतलं माणूस आपल्या पाठीला पाठ लावून बसतं. त्याचं तोंड आपल्याला दिसत नाही, फक्त बोलणं ऐकू येतं. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, वर झाडी इतकी दाट की भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटतं. खुर्ची टेकायला वाटेत चार दगडी ओटे आहेत. पायथ्याशी स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

मुकादमाने एकच गोष्ट बजावली. चढताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं. बोलणं बंद पडलं, की माणूस खाली राहिलं आणि खुर्चीत दुसरंच काहीतरी बसून आलं असं समजायचं. तीन दिवसांच्या आत ते पुन्हा पायथ्याशी नेऊन ठेवलं, तर म्हणे आपलं माणूस परत मिळतं. इथला सगळ्यात जुना खुर्चीवाला, लांब मानेमुळे ज्याला सगळे उंट म्हणतात, तो शपथ घेऊन सांगत होता की त्याच्या मेव्हणीच्या बाबतीत हेच झालं. मला हसू आवरेना. आईला सांगितलं, तर म्हणाली, मला बिनधास्त ने, माझं तोंड मेल्यावरच बंद होईल.

१० नोव्हेंबर, रविवार

आज आईला नेलं. उतरताना अखंड टकळी चालू होती. पायथ्याशी पाणी बघून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या, नखशिखांत भिजली, निघायलाच तयार नाही. शेवटी मीच ओरडून ओरडून तिला खुर्चीत बसवलं.

चढताना जुन्या शेजारणीचा किस्सा सांगत होती. दुसऱ्या ओट्याच्या अलीकडे म्हणाली, आणि मग त्या बाईने काय केलं असेल, तर... आणि थांबली. मी विचारलं, काय केलं? खुर्ची एका बाजूला कलली. एकदम जड झाली.

वर आल्यावर मुकादमाने तिच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. मी आई आई करतोय, आणि ती घशातून नुसता घोगरा आवाज काढतेय. माझ्या आईचा तो आवाज नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

पाणी पाजलं तर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. एक डोळा मिटत नाही. डावा हात नुसता लोंबतो, उजव्याने माझा सदरा घट्ट धरून ठेवते. दवाखान्यात डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. मुकादम म्हणतो, गुरुवारपर्यंत मुदत टळून गेलेली असेल, मग आई विसर. उंट उंबऱ्याच्या आत पाय टाकायला तयार नाही. मी आता हसत नाही.

१२ नोव्हेंबर

तो डोळा दिवसभर माझ्यावर. भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तरी मान वळवते. माझी आई तिकडे पाण्यात बसली असेल आणि मी इथे ह्याला भरवतोय. भीती वाटते. लाजही वाटते. उद्या शेवटचा दिवस.

१३ नोव्हेंबर

नेलं. पायथ्याच्या सपाट दगडावर ठेवलं आणि आलो. वळून बघितलं नाही. मुकादमाने सांगितल्याप्रमाणे रिकामी खुर्ची पाठीवर घेऊन तीन हाका मारल्या, पण खुर्ची हलकीच राहिली. मुकादम म्हणाला, एवढ्यात कसं होईल, उद्या पुन्हा जा.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरकडे खांद्याला मलम मागायला गेलो होतो. बोलता बोलता सांगून टाकलं. ते ताडकन उठले. तोंड वाकडं, हात लुळा, वाचा गेलेली, अहो, हा तर लकवा आहे, म्हणाले. रविवारीच शहरात न्यायला हवं होतं. कुठे आहेत त्या?

कुठे आहेत त्या.

खुर्ची घेऊन धावत उतरलो. दगड मोकळा. नुसतं पाणी वाहत होतं त्यावरून. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्या आवाजात कोण ऐकणार?

येताना, दुसऱ्या ओट्यापाशी — वजन आलं. ओलं. पाठीला पाठ. आणि शेजारणीचा किस्सा जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू. आवाज अगदी खणखणीत. आईचा.

१५ नोव्हेंबर

खुर्चीच्या पट्ट्यांचं बक्कल निघत नाही. मुकादमाने सुरीने पट्टे कापून बघितले. कापले जात नाहीत. त्याला खुर्ची रिकामी दिसते. उंट रडला आणि पळून गेला. उभ्यानेच लिहितोय. पाठीवरून पाणी गळतंय, थांबत नाही —

बोलतेय. सारखी बोलतेय. बाबांचे विनोद, माझं लहानपण. मी रडलो तर उगी उगी म्हणते.

१६

झोप नाही. खांदे सोलले. माफ कर म्हटलं, हजारदा म्हटलं. म्हणते, रागावले नाही रे, वेडा का खुळा तू. तुला काय ठाऊक. फक्त एकच सांग, तेवढं लिहायचं तू टाळलंस — दगडावर ठेवताना मी तुझा सदरा धरला होता, तेव्हा तू माझी बोटं, एकेक करून —