अस्वलराखणीचा पहिला दिवस

तीर्थरूप विवेकदाजींना अलास्काच्या पार टोकावरून सुगतचा जयभीम.

तुमच्या शॉमबर्ग शहरातल्या घरातून निघालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नववी नापासला बर्फावरच्या सायन्स स्टेशनात भांडीच घासायला लागणार." खरं झालं. आठ महिने भांडीच घासली. खिडकीतून पांढरे कोल्हे बघायचे, तेवढीच करमणूक.

पण इथला एक नियम आहे दाजी. टीम बर्फावर गेली की अस्वलावर नजर ठेवायला एक राखणदार जातो. तो 'चला' म्हणाला की सगळ्यांनी निघायचं, साहेब कितीही मोठा असो. इथले जुने राखणदार हॅरल्ड आजोबा मला म्हणाले, "पोरा, तुझी नजर एका जागी ठरत नाही. मला असलाच माणूस पाहिजे." त्यांनीच बंदूक शिकवली.

आज सकाळी पहिल्यांदा मी एकटा राखणीला होतो. बर्फाच्या ढिगाऱ्यामागे काहीतरी पिवळट हललं. बर्फ पांढराशुभ्र असतो, इथलं ध्रुवीय अस्वल पिवळट. मी ओरडलो, "एव्हरीबडी, बॅक!"

बर्फाला भोक पाडत बसलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सुगत, फक्त पाच मिनिटं."

"एक पण नाही, मॅडम."

दाजी, पाच पीएचडी मुकाट्याने उठले आणि गाडीकडे चालायला लागले! मी त्यांच्या मागे, अस्वलाकडे तोंड करून उलटा चालत. गोळी झाडावी लागली नाही. अस्वलाने बघितलं आणि ते आपल्या वाटेने गेलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ताईने वाचलं, तर ती तुम्हालाच मला आणायला पाठवेल. आणि इथे आलात, तर बर्फावर तुम्हालाही माझंच ऐकावं लागेल.

तुमचा मेहुणा,
सुगत, राखणदार