ठिपका कुणाचा?

सातारा, मंगळवार

संध्याकाळपासून जिवाला चैन नाही. जुन्या खुणा गोळा करणाऱ्या कलेच्या एका वेबसाइटला आमच्या मेंढरांच्या पाठीवरची घरची खूण पाठवायची आहे. चित्र, आणि खाली अर्थ. डोंबलाचा अर्थ! गेरूचा आडवा पट्टा, एवढंच.

पण वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या भावानं, सदानं, पट्ट्याखाली ठिपका जोडला, आमचे कळप मिसळू नयेत म्हणून. मग घरची खूण कुठली? ठिपक्याची की बिनठिपक्याची? माझी मेंढरं विकून मी कारखान्यात लागलो, त्यालाही जमाना झाला. बिनठिपक्याचं एकही मेंढरू आता उरलं नाही. तरी सदा ठिपका देतोच. का?

शेवटी औंधला त्याला फोन केला. "आता कशाला देतोस रं ठिपका?"

"दादा, तू कवा माघारी आलास तर? तुजी मेंढरं वळखायची कशी?"