वर अभ्यासाला

प्रिय खारूताई,

फोनवर मालिकेचा विषय निघाला की तुझ्या खुर्चीत नेमका कोणीतरी तोंड उघडून बसलेला असतो आणि तू 'बाबा, ठेवते' म्हणतेस. पत्राला तसे म्हणता येत नाही, म्हणून लिहितो आहे. आई बरी आहे. दाढ काढायची तुझी सूचना तिने अद्याप मनावर घेतलेली नाही. मुलीने आईच्या तोंडात हात घालणे तिला पटत नाही, असे तिचे म्हणणे. बाकी घरी सर्व ठीक. मालिकेचे अखेरचे पर्व चालू आहे. गेल्या खेपेस तू म्हणालीस, 'संपतेय ना एकदाची तुमची ती मालिका.' त्यातला 'तुमची' माझ्या कानाने टिपला. शब्द बदललेला दिसला की थांबायचे, ही माझ्या कामाची खोड.

त्या कामाला सेटवर सगळे कंटिन्युइटी म्हणतात. एका दृश्यात पेला डावीकडे असेल, तर पुढच्या दृश्यातही तो डावीकडेच असला पाहिजे, एवढेच ते काम. कॉमर्सच्या पदवीचा याहून सरळ उपयोग मला सुचला नाही. ताळा जमला नाही की मला अन्न गोड लागत नाही, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. पण यंदा एक असा ताळा जमला, की मी चकित होऊन खुर्चीत बसून राहिलो. तोच तुला सांगायचा आहे.

त्यासाठी तुझ्या शेवटच्या दृश्याकडे जावे लागेल. गोदामात उभारलेले ते छोट्या गावातले घर, त्यातला लाकडी जिना, आणि त्यावरून सदा खाली-वर पळणारी घरातली धाकटी मुलगी, म्हणजे तू. तुझे खारूताई हे घरातले नाव लेखकाने उचलून तिला दिले होते. पुढच्या पर्वात पात्रे कमी करायची, असे वाहिनीने ठरवले आणि तुझ्या वाट्याला एकच ओळ आली, 'मी वर अभ्यासाला जाते.' तू वर गेलीस. वर खोली नव्हतीच, एक फळी होती आणि मागे उतरायला शिडी. ती धरून मी उभा होतो. उतरता उतरता तू विचारलेस, 'मी खाली कधी येणार?' मी म्हणालो, 'लिहिलं की.' ते कोणी लिहिलेच नाही. शाळेतल्या मुली तुला 'काय गं, झाला का अभ्यास?' म्हणून छळत असत, आणि एकदा तू जेवता जेवता म्हणालीस, 'मला निदान बसमध्ये तरी बसवून द्यायचं.' त्यानंतर तू मालिका पाहिली नाहीस. तू गेल्यावर त्या घराला तुझी आठवणही राहिली नाही, असा तुझा समज झाला. तो चुकीचा आहे, हे आज मी खात्रीने लिहू शकतो.

तू नसतानाच्या पहिल्याच जेवणाच्या दृश्यात पडद्यावरच्या तुझ्या आईने सवयीने तुझे ताट मांडले. माझ्या लक्षात आले तोवर दृश्य चित्रित झाले होते. मी जाऊन म्हणालो, 'ताई, ताट एक जास्त झालं.' त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, 'जास्त कसं होईल? ती वर आहे ना.' नियमाने पाहता त्यांचेच बरोबर होते. मुलगी वर जाताना दिसली होती, खाली येताना कोणी दाखवली नव्हती. म्हणजे ती वरच होती. आणि एकदा पडद्यावर आलेले ताट पुढच्या जेवणाला नसेल, तर ती माझी चूक ठरली असती. ते ताट राहिले. लेखक बदलले, दिग्दर्शक बदलले, टेबल वाळवी लागून बदलले, ताट राहिले. पडद्यावरचे आजोबा त्याकडे पाहून दरवेळी म्हणत, 'वर जायचा मान घरात माझा, आणि ही कार्टी माझ्याआधी गेली.' सगळे हसत. ताट मात्र कोणी हलवत नसे.

अखेरच्या पर्वाच्या तयारीसाठी मी सगळे जुने भाग ओळीने पाहिले. तोवर मी ते सुटे सुटे पाहिले होते. पेला, चष्मा, शर्टाची बटणे. या वेळी मला घर दिसले. तुझ्यानंतर जिन्यावरचा दिवा कोणीही विझवलेला नाही. मोठ्या मुलाच्या लग्नाच्या गडबडीतही पडद्यावरचे वडील एका वाजंत्र्याला 'जरा हळू' म्हणतात आणि बोट वर दाखवतात. आजोबांच्या आजारपणात त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवायचे ठरले होते, ती त्यांनी जिन्याकडे तोंड करून घेतली. पडद्यावरची आई जिन्याखालून जाताना कठड्याच्या खुंटावर तळवा टेकवते. ही सवय तुझी होती, आणि त्या खुंटाचे पॉलिश आता तेवढेच उडालेले आहे. यातले काहीही संहितेत नाही. मी प्रत्येकाला एकेकटे गाठून विचारले. एकाने दुसऱ्याला सांगितलेले नव्हते. प्रत्येकाला वाटत होते, हे आपले आपणच करतो आहोत. भाडोत्री कपड्यांतली, संध्याकाळी आपापल्या घरी जाणारी ही माणसे, आणि तुला सांभाळताना एकाचाही हात कधी चुकला नाही. मी आयुष्यभर वस्तू जागच्या जागी ठेवत आलो. एक माणूसही असे जागच्या जागी ठेवता येते, हे मला ठाऊक नव्हते.

परवा शेवटच्या दृश्याची तालीम होती. घरातले सगळे टेबलाभोवती, आणि आईची ओळ, 'चला, सगळे आले, बसा.' ताई तिथे थांबल्या. नवीन दिग्दर्शिका तरुण आहे. तिला वाटले, बाई विसरल्या, म्हणून तिने ओळ सांगितली. ताई म्हणाल्या, 'ओळ पाठ आहे गं. खोटी आहे.' दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, 'नोंदीप्रमाणे धाकटी मुलगी वर आहे.' कोपऱ्यात कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. मग तिने ताईंकडून सगळे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, आता ती जेवढी असेल त्या वयाची मुलगी आणू, हव्या तितक्या मिळतील. ताई शांतपणे म्हणाल्या, 'आण. पण दुसरी कोणी उतरली तर मला ओळख पटणार नाही, आणि ते पडद्यावर दिसेल.' आजोबांना कमी ऐकू येते. त्यांनी एवढेच विचारले, 'येतेय का ती?' आणि खुर्ची आणखी थोडी जिन्याकडे वळवली.

म्हणून हे पत्र. शेवटचे दृश्य पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी आहे. तुझा दवाखाना बंद असतो. ताई खालून हाक मारतील, 'खारे, जेवायला ये,' आणि मग जिना दिसेल. तुला बोलायचे काही नाही, फक्त उतरायचे आहे. तू आली नाहीस तर दिवा तसाच ठेवून ते जेवतील, तेही दिग्दर्शिकेने मान्य केले आहे. कोणी रागावणार नाही, मीही नाही. सुतारदादांनी वरची फळी बदलली. आधीची एका लहान मुलीच्या वजनाची होती. नवी मी स्वतः तिच्यावर उभा राहून पाहिली आहे. माझ्या देहाला ती कुरकुरली नाही, तेव्हा तुझी चिंता नको. आता कामाचे. वर जाताना तुझ्या डाव्या हातात भूमितीचे पुस्तक होते आणि उजव्या वेणीची फीत सुटलेली होती. उतरताना हातात काय असावे, केस कसे असावेत, याबद्दल माझी कसलीही अट नाही. या नोकरीत असे वाक्य मी प्रथमच लिहितो आहे.

मागची शिडी धरून उभा असलेला,
तुझाच,
बाबा