बादलचं नवं नाव

पराग,

चौदा वर्षं तुले 'अहो' म्हटलं. हे पत्र धाडायचं नाही, म्हणून आज नावानं बोलते.

बीरगांवचं तुझं घर सोडताना मी कुत्रा संग आणला. काल माह्या आईनं त्याले लाडानं "बादल, ये" म्हटलं, अन् त्यानं तिचा हात फाडला. सात टाके पडले. शेजारचे भैया सळई घेऊन धावले. मी मधात पडली. मले कारण ठाऊक होतं. तू आधी "बादल" म्हणे, मंग पट्ट्यानं हाणे.

जनावरांची डॉक्टरीण म्हणे, "दीदी, मारो मत, नाम बदल दो." आता भाताच्या दर घासाले त्याचं नवं नाव घेते. शेपूट हालवून राहिला तो.

दवाखान्याच्या कार्डावर मालकाचं नाव लागत होतं. 'मंजिरी' लिहिताना माही मूठ वळली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तूच ते नाव लिहिलं होतं. मलेही तू आधी हाक मारे, मंग हाणे. खोडलं, अन् माहेरचं लिहिलं.

इथं येऊन आमाले जुन्या नावानं हाक मारशीन, तं या खेपी मी मधात पडणार नाही.

शारदा