राजे आधी, गुहा नंतर

५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि. खरं तर विनंती कमी आणि तक्रारच जास्त आहे.

या वर्षापासून तिसरी आणि चौथी एकाच खोलीत भरतात. फळा एक आणि दोन्ही वर्गांना पुरून उरेल अशी बाईही एकच, म्हणजे तुझी बहीण. गणिताचं कसंबसं जमतं. तिसरीला बेरजा देऊन चौथीला भागाकार शिकवता येतो. पण इतिहासाचं काय करू? तिसरीला गुहेतली माणसं सांगायला घेतली की चौथी एका सुरात म्हणते, हे झालंय. चौथीला राजे सांगू लागले की तिसरी आपलं पुस्तक मिटून लढायांकडे कान लावते. म्हणजे पुढच्या वर्षी तीही म्हणणार, झालंय. मोठ्या बाईंनी सांगूनच टाकलंय की घडी बसली नाही तर इतिहासाचे तास गणिताला देऊन टाकू. दादा, हा विषय शिकवायचा म्हणून तर मी शिक्षिका झाले. अगदी रडकुंडीला आलेय.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, जमल्यास थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
टिटवी

१२ जुलै

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, आणि टिवटिव जरा कमी कर.

एवढ्याशा गोष्टीसाठी रडतेस? बसच्या आगारात वेळापत्रकं लावता लावता माझे केस पांढरे झाले. गोल फिरणारी बस आठव. माणूस कुठल्याही थांब्यावर चढो, एक फेरी पूर्ण केली की त्याचं सगळं शहर बघून होतं. तसंच कर. एक वर्ष दोन्ही वर्गांना मिळून राजे, दुसऱ्या वर्षी दोन्ही वर्गांना मिळून गुहा आणि शेती. यंदाच्या चौथीची गुहा गेल्या वर्षी झालीच आहे, तेव्हा राजांपासून सुरुवात कर. प्रत्येक पोर तुझ्याकडे दोन वर्षं बसणार. कुणाचं काही चुकत नाही, कुणाला काही दोनदा ऐकावं लागत नाही. तुझी वहिनी म्हणते, शिकवण्यातलं तुम्हाला काय कळतं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ वाढव, रडं आवर.

तुझा,
दादा

१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. आहे. वि. वि.च्या जागी संताप आहे.

तुझी बस सुरू होऊन वर्ष उलटलं. गेल्या वर्षी सगळ्यांना राजे शिकवले, मोठ्या बाई खूश झाल्या. यंदा गुहा काढली. काल मी वर्गात विचारलं की माणसं गुहेत का राहायची. मिरची म्हणून एक आगाऊ पोर आहे, गेल्या वर्षी तिसरीत होती, आता चौथीत आलीय. ती ताडकन उठली आणि म्हणाली की लढायांत राजवाडे पडले, राहायला जागा उरली नाही, म्हणून लोक गुहेत गेले. सगळ्या चौथीने माना डोलावल्या! हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. तिचं तरी काय चुकलं? राजे गेल्या वर्षी झाले, गुहा यंदा. तुझ्या बसमध्ये कुठूनही चढता येतं रे, पण पहिला थांबा कुठला हे कुणालाच कळत नाही. महिनाअखेरीला तपासनीस येणार आहेत आणि मोठ्या बाईंचा इतिहासाच्या तासांवर डोळा आहेच.

तू अडकवलंस, आता तूच सोडव. मग लोभाचं बघू.

टिटवी

१७ ऑगस्ट

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि पोट धरधरून हसली. मी हसलो नाही. बस बरोबर आहे, तू पाट्या लावल्या नाहीस. भिंतीवर आडवी दोरी बांध. खिडकीच्या टोकाला गुहा, दाराच्या टोकाला राजे आणि दाराबाहेर आपण. जो धडा घेशील त्याचं चित्र त्याच्या जागी टांग. धडा कुठल्याही वर्षी घे, जागा बदलत नाही. एवढं करूनही जमलं नाही तर मला बोल लावू नकोस. बरं, लाव.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

दादा

४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

दोरी बांधली. मिरचीला लगेच कळलं, वर हे आधी का सांगितलं नाही म्हणून तिने मलाच झापलं. तपासनीस आले तेव्हा तिला मुद्दाम पुढे बसवलं होतं. त्यांनी चौथीला काही विचारलंच नाही. तिसरीला उभं केलं आणि राजांची नावं विचारली. राजे तिसरीच्या वाट्याला पुढच्या वर्षी येणार! शेवटी एकीने धीर करून सांगितलं की राजे अजून यायचे आहेत. तपासनीस हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. मी दोन वर्षांची आखणी समजावून सांगत होते तर तपासनीस घड्याळ बघू लागले. सोमवारपासून इतिहासाचे तास गणिताला. मी भांडले, नको तेवढा आवाज चढवला. उपयोग शून्य.

शाळा सुटल्यावर दोरी सोडत होते, तर मिरची मागे थांबलेली. दोरीच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून तिने विचारलं की गुहेतली माणसं बाहेर कधी आली. तोच धडा मी पुढच्या आठवड्यात घेणार होते. पुढच्या वर्षी सांगेन, असं सवयीने माझ्या तोंडून गेलं. तिनेच मला आठवण करून दिली की पुढच्या वर्षी ती या शाळेत नसणार.

मग दोरी पुन्हा बांधली, तिच्या आईला फाटकाशी थांबायला सांगितलं आणि शेतीपासून पहिल्या गावापर्यंत सगळं तिला सांगितलं. मिरचीची माणसं बाहेर आली, दादा. बाकीची मुलं सोमवारी भागाकार करतील. त्यांची माणसं गुहेतच राहणार.

यावर काही उपाय सुचवू नकोस. नुसतं पत्र लिही.

तुझी,
टिटवी